ताऱ्याचा व्यास मोजणारे मायकेल्सन

मृग नक्षत्रातील तांबूस काक्षी तारा नुसत्या डोळ्यांनीही सहज ओळखता येतो. परंतु विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मोठ्यात मोठ्या दुर्बिणीतूनही तो प्रकाशाचा एक ठिपकाच भासत असे. त्या ठिपक्याची रुंदी मोजण्याची युक्ती जगाला दिली ती आल्बर्ट अब्राहम मायकेल्सन यांनी.

तत्कालीन प्रशियातील आणि आता पोलंडमध्ये असलेल्या स्ट्रेल्नो गावी १९ डिसेंबर १८५२ रोजी त्यांचा जन्म झाला. ते लहान असतानाच कुटुंब अमेरिकेत स्थलांतरित झाले. कॅलिफोर्निया व नेवाडातील खाणवस्त्यांत त्यांचे बालपण गेले. १८६९ मध्ये अॅनापोलिसच्या नौदल प्रबोधिनीतील जागा भरलेल्या असतानाही अध्यक्ष ग्रँट यांची भेट घेऊन त्यांनी प्रवेश मिळविला. तेथेच अध्यापक असताना त्यांना प्रकाशाचा वेग मोजण्याचा ध्यास लागला आणि तो अखेरपर्यंत सुटला नाही.

एकच प्रकाशकिरण दुभंगून दोन वाटांनी पाठवायचा आणि पुन्हा एकत्र आणून उमटणाऱ्या प्रकाश-अंधाराच्या पट्ट्या न्याहाळायच्या, हे त्यांच्या इंटरफेरोमीटरचे तत्त्व. १८८७ मध्ये एडवर्ड मोर्ली यांच्यासह त्यांनी या उपकरणाने ईथरचा शोध घेतला. अपेक्षित फरक आढळला नाही. मायकेल्सन यांना ते अपयश वाटले. पुढे मात्र तोच प्रयोग सापेक्षता सिद्धांताचा प्रमुख आधार मानला गेला.

१८९० मध्ये त्यांनी हीच पद्धत ताऱ्यांसाठी सुचविली. दूर अंतरावरील दोन आरशांनी एकाच ताऱ्याचा प्रकाश गोळा करावा. आरशांतील अंतर वाढविताना पट्ट्या जेथे पुसट होऊन नाहीशा होतात, त्यावरून ताऱ्याचा व्यास काढता येतो. १८९१ मध्ये त्यांनी गुरूचे चार चंद्र असे मोजलेही. परंतु ताऱ्यांसाठी आरसे कित्येक फूट दूर असणे आवश्यक होते आणि वातावरणाच्या थरथरीत पट्ट्या टिकणार नाहीत, असा समज होता. कल्पना सुमारे ३० वर्षे पडून राहिली. दरम्यान, १९०७ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. विज्ञानातील हा सन्मान मिळविणारे ते पहिले अमेरिकी ठरले.

अखेर माउंट विल्सन वेधशाळेतील १०० इंची दुर्बिणीवर २० फुटी तुळई बसविण्यात आली. १३ डिसेंबर १९२० रोजी फ्रान्सिस पीझ यांनी आरसे सुमारे दहा फूट दूर नेले आणि काक्षीच्या पट्ट्या लुप्त झाल्या. त्याचा व्यास सूर्याच्या कित्येक शेपट असल्याचे निष्पन्न झाले.

९ मे १९३१ रोजी पॅसाडेना येथे मायकेल्सन यांचे निधन झाले, तेव्हाही प्रकाशाच्या वेगाचे मोजमाप सुरूच होते. त्यांची पद्धत पुढे अवरक्त किरणांत बहरली. या किरणांच्या लहरी लांब असल्याने वातावरणाची थरथर त्यांना कमी बाधते. चिलीतील पॅरानल येथे ८.२ मीटर व्यासाच्या चार दुर्बिणींचा अवरक्त प्रकाश 'ग्रॅव्हिटी' उपकरणात एकत्र येतो. त्यानेच २०१८ मध्ये आकाशगंगेच्या केंद्रातील कृष्णविवराजवळून जाणाऱ्या ताऱ्याचा अचूक वेध घेतला. वातावरणापुढे निरुपयोगी समजली गेलेली एक कल्पना अशा रीतीने आकाशगंगेच्या गाभ्यापर्यंत पोहोचली.