मुक्या साक्षीदारांचा अभ्यासक : रोडोल्फ आर्चिबाल्ड राइस

गुन्हा घडतो तेव्हा तो पाहणारे बहुधा कोणी नसते. कोणी असलेच, तरी त्याची साक्ष पूर्णपणे विश्वसनीय असतेच असे नाही. माणूस भीतीपोटी गप्प राहतो, लोभापोटी खोटे बोलतो आणि कधी कधी प्रामाणिक असूनही विसरतो. परंतु काचेवर उमटलेला बोटांचा ठसा, चिखलात रुतलेले पाऊल, कपड्याला चिकटलेला धागा किंवा कागदावर केलेली खाडाखोड यांना ना भीती असते, ना लोभ. हे साक्षीदार मुके असतात. त्यांचे म्हणणे समजून घेण्यासाठी विज्ञानाचा आधार घ्यावा लागतो. न्यायदानाच्या कामी येणाऱ्या या विज्ञानाला न्यायसहायक विज्ञान असे म्हणतात.

आज हा विषय अनेक देशांतील विद्यापीठांत शिकवला जातो. परंतु शंभराहून अधिक वर्षांपूर्वी तपासाचे काम अनुभवाने आणि अंदाजाने चालत असे. हे काम म्हणजे एक स्वतंत्र विद्याशाखा आहे, ती रीतसर शिकता येते आणि शिकवता येते, हे ज्यांनी प्रत्यक्ष कृतीने दाखवून दिले, त्यांत रोडोल्फ आर्चिबाल्ड राइस यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

राइस यांचा जन्म ८ जुलै १८७५ रोजी जर्मनीतील बाडेन प्रांतात, हाउसाख या गावाजवळ झाला. त्यांचे वडील जमीनदार होते. दहा भावंडांत रोडोल्फ आठवे. शालेय शिक्षण जर्मनीत पूर्ण केल्यावर ते उच्च शिक्षणासाठी स्वित्झर्लंडमधील लोझान या शहरात आले. तेथील व्यवहाराची आणि शिक्षणाची भाषा फ्रेंच होती. राइस यांनी ती आत्मसात केली, रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी स्वित्झर्लंडचे नागरिकत्वही स्वीकारले.

रसायनशास्त्राइतकीच त्यांना छायाचित्रणाची ओढ होती. त्या काळी छायाचित्रण हे रसायनशास्त्राचेच एक अंग होते. काचेच्या पट्टीवर रसायनांचा थर देऊन त्यावर प्रतिमा घ्यावी लागे आणि ती रसायनांच्याच साहाय्याने पक्की करावी लागे. विद्यापीठात हे काम करत असताना कॅमेऱ्याचे एक सामर्थ्य राइस यांना विशेष मोलाचे वाटले. माणसाच्या डोळ्यांना जे दिसत नाही, ते योग्य प्रकाशात घेतलेल्या छायाचित्रात दिसू शकते. कागदावर एका बाजूने तिरपा प्रकाश पाडला, तर खरवडून काढलेल्या अक्षरांच्या जागी कागदाचे उचकटलेले तंतू उठून दिसतात. रंगीत काचेतून छायाचित्र घेतले, तर डोळ्यांना सारख्याच भासणाऱ्या दोन शाया वेगवेगळ्या असल्याचे कळू शकते. धुळीतील पुसट ठशाच्या रेषाही प्रकाशाची दिशा बदलताच स्पष्ट होतात.

हे सामर्थ्य न्यायालयाच्या कामी यावे, असा राइस यांचा प्रयत्न होता. पॅरिसच्या पोलीस खात्यात अल्फाँस बर्टिलाँ यांनी शरीराच्या मोजमापांवरून गुन्हेगारांची ओळख पटवण्याची पद्धत रूढ केली होती. घटनास्थळाची छायाचित्रे घेण्याची शिस्तही त्यांनी घालून दिली होती. राइस यांनी त्यांच्या कामाचा जवळून अभ्यास केला. १९०३ साली न्यायविषयक छायाचित्रणावर राइस यांचा फ्रेंच ग्रंथ प्रसिद्ध झाला. घटनास्थळी कशालाही हात लावण्यापूर्वी तेथील स्थिती टिपून ठेवणे किती आवश्यक आहे, हे आज तपासाच्या पहिल्याच पाठात शिकवले जाते. एकदा हललेली वस्तू पुन्हा जागेवर ठेवता येते, परंतु तिची साक्ष मात्र कायमची बिघडते.

स्थानिक पोलीस आणि न्यायालये राइस यांचे साहाय्य घेऊ लागली. तथापि, एका तज्ज्ञाने काही प्रकरणांत मदत केल्याने मूळ प्रश्न सुटणार नव्हता. तपास करणारे अधिकारी पुष्कळदा आरोपीच्या कबुलीजबाबावर विसंबून राहत. कबुली दबावाखाली दिलेली असू शकते, आणि मग निरपराध माणसाला शिक्षा होते. यावर उपाय एकच होता. पुरावा शोधणारी, जपणारी आणि पारखणारी प्रशिक्षित माणसे तयार करणे.

१९०६ साली राइस यांची लोझान विद्यापीठात प्राध्यापकपदी नियुक्ती झाली आणि १९०९ साली त्यांनी तेथे न्यायसहायक विज्ञानाची संस्था स्थापन केली. या विषयाचा विद्यापीठीय अभ्यासक्रम चालवणारी ही जगातील पहिली संस्था मानली जाते. हान्स ग्रोस या ऑस्ट्रियन न्यायाधीशांनी १८९३ साली तपासकार्यावर एक महत्त्वाचा ग्रंथ लिहिला होता. परंतु ग्राट्स विद्यापीठात त्यांची गुन्हेशास्त्राची संस्था स्थापन झाली ती १९१२ साली, म्हणजे लोझाननंतर तीन वर्षांनी.

ही संस्था पोलीस ठाण्यात नव्हे, तर विद्यापीठात स्थापन झाली, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोलिसांना गुन्हेगार शोधायचा असतो, सरकारी वकिलाला आरोप सिद्ध करायचा असतो आणि बचावाच्या वकिलाला आरोपीची सुटका करायची असते. विज्ञानाच्या अभ्यासकाला मात्र यांपैकी कोणाचाही पक्ष घेता येत नाही. पुरावा जे सांगतो तेवढेच त्याने सांगायचे असते. जेथे पुरावा मुका होतो, तेथे त्यालाही थांबावे लागते. अशी वृत्ती घडवण्यास विद्यापीठाचे मोकळे वातावरण अधिक पोषक ठरले. इतर देशांतील अधिकारीही राइस यांच्याकडे शिकण्यासाठी येऊ लागले. १९११ साली चोरी आणि मनुष्यवध या गुन्ह्यांच्या तपासावरील त्यांचा ग्रंथ प्रकाशित झाला. १९१३ साली ब्राझीलमधील पोलिसांना मार्गदर्शन करण्यासाठी त्यांना निमंत्रण आले. वयाची चाळिशी गाठण्याआधीच त्यांची कीर्ती दूरवर पोहोचली होती.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. ऑगस्ट महिन्यात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने सर्बिया या लहान देशावर आक्रमण केले. सर्बियाच्या वायव्येकडील माच्वा प्रदेशात आणि शाबात्स शहराच्या परिसरात हजारो निःशस्त्र नागरिक मारले गेले. त्यांत स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. युद्धकाळात प्रत्येक पक्ष शत्रूवर अत्याचारांचे आरोप करतो, त्यामुळे नुसत्या आरोपांवर जगाचा विश्वास बसत नाही. म्हणून पंतप्रधान निकोला पाशिच यांच्या सरकारने एका तटस्थ देशातील तज्ज्ञाला पाचारण केले. राइस यांनी हे निमंत्रण स्वीकारले.

हा निर्णय सोपा नव्हता. जर्मनी ही राइस यांची जन्मभूमी होती आणि ऑस्ट्रिया-हंगेरी हे जर्मनीचे मित्रराष्ट्र होते. ज्यांची भाषा त्यांनी आईच्या तोंडून ऐकली होती, त्यांच्याच बाजूच्या सैन्याची चौकशी त्यांना करायची होती. लोझानमधील सुरक्षित प्रयोगशाळा सोडून, तोफांचा मारा चालू असलेल्या प्रदेशात जायचे होते.

सर्बियात पोहोचल्यावर राइस यांनी वर्गात शिकवलेल्या पद्धतीनेच काम केले. ते गावोगाव फिरले. जळालेल्या घरांची आणि मृतदेहांची छायाचित्रे त्यांनी घेतली. जखमा तपासल्या, गावकऱ्यांच्या साक्षी नोंदवल्या. केवळ पीडितांचे म्हणणे ऐकून ते थांबले नाहीत. पकडलेल्या शत्रुसैनिकांचेही जबाब त्यांनी घेतले आणि दोन्ही बाजूंची माहिती एकमेकींशी ताडून पाहिली. मृतांची नोंद त्यांनी वय आणि मृत्यूचा प्रकार यांनुसार केली. सैनिकांच्या जखमा नेहमीपेक्षा भयंकर का आहेत, याचा शोध घेताना त्यांनी शत्रूची काडतुसे उघडून पाहिली. काही गोळ्यांच्या आत स्फोटक भरलेले आढळले. बंदुकीतून अशा स्फोटक गोळ्या झाडण्यास १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्याने बंदी घातली होती.

राइस यांचे निष्कर्ष आधी वृत्तपत्रांतून आणि पुढे सविस्तर अहवालाच्या रूपाने जगासमोर आले. न्यायसहायक विज्ञानाची साधने एखाद्या घरफोडीपुरती मर्यादित नाहीत, युद्धातील अत्याचारांच्या तपासासाठीही ती वापरता येतात, हे या अहवालाने दाखवले. ज्यांचे नाव कोणत्याही इतिहासात आले नसते, अशा शेतकऱ्यांच्या आणि त्यांच्या मुलाबाळांच्या मृत्यूची नोंद त्यामुळे झाली.

चौकशीचे काम संपले, तरी राइस सर्बियाच्या लोकांपासून दूर जाऊ शकले नाहीत. युद्धाच्या पुढील काळात ते सर्बियन सैन्याबरोबर राहिले, मॅसेडोनियातील आघाडीवर त्यांनी दिवस काढले आणि १९१८ साली विजयी सैन्यासोबत बेलग्रेडमध्ये प्रवेश केला. १९१९ च्या पॅरिस शांतता परिषदेतही त्यांनी सर्बियाच्या बाजूने काम केले. येथे त्यांच्या जीवनातील एक पेच जाणवतो. पुराव्याची पारख करणाऱ्याने कोणाचाही पक्ष घेऊ नये, हे त्यांच्या शास्त्राचे सूत्र होते, आणि ते स्वतः तर एका पक्षाचे निकटचे मित्र बनले होते. विरोधकांनी त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप केला. मात्र त्यांनी छायाचित्रे, जबाब आणि वस्तू यांची काळजीपूर्वक नोंद ठेवली होती. त्यामुळे त्यांच्या निष्कर्षांची तपासणी इतरांना स्वतंत्रपणे करता आली. शास्त्रीय पद्धतीचा हाच मोठा आधार असतो. तपासणाऱ्याचे मन कोणत्याही बाजूला झुकले, तरी नोंदलेला पुरावा सर्वांसाठी खुला राहतो.

युद्धानंतर राइस यांनी लोझानमधील प्राध्यापकपद सोडले आणि ते बेलग्रेडमध्ये स्थायिक झाले. संस्थेची धुरा मार्क बिशॉफ यांनी सांभाळली. बेलग्रेडमध्ये राइस यांनी पोलिसांच्या तपासपद्धतीत आधुनिकता आणण्यासाठी प्रयत्न केले. परंतु युद्धात एकदिलाने लढलेल्या देशात सत्ता आणि पैसा यांची चढाओढ सुरू झालेली पाहून ते व्यथित झाले. आपल्या लाडक्या देशाचे दोषही त्यांनी झाकले नाहीत. १९२८ साली त्यांनी सर्बियन जनतेला उद्देशून एक पुस्तिका लिहिली आणि तिच्यात त्या लोकांच्या गुणांबरोबर त्यांच्या उणिवाही परखडपणे मांडल्या. ८ ऑगस्ट १९२९ रोजी बेलग्रेडमध्ये त्यांचे अकस्मात निधन झाले. त्यांचे दफन त्याच शहरात झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे हृदय मात्र एका कलशात ठेवून, जेथे सर्बियन सैनिकांनी निकराची लढाई दिली होती त्या कायमाकचलान पर्वताच्या शिखरावर नेण्यात आले.

राइस यांनी लोझानमध्ये लावलेले रोपटे पुढे वाढत गेले. २००९ साली त्या संस्थेने शंभर वर्षे पूर्ण केली. भारतातही या विद्येची परंपरा जुनी आहे. राइस लोझानमध्ये शिकत होते, त्याच सुमारास, १८९७ साली, कोलकाता येथे बोटांच्या ठशांची नोंद ठेवणारे कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण करण्याच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोलाचा वाटा होता. १९५९ साली मध्य प्रदेशातील सागर विद्यापीठात गुन्हेशास्त्र व न्यायसहायक विज्ञान विभाग सुरू झाला. २०२० साली संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याचे मुख्यालय गुजरातमधील गांधीनगर येथे आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे या विषयाच्या शासकीय शिक्षणसंस्था आहेत.

बारावीला विज्ञान शाखा घेतलेल्या विद्यार्थ्याला सामान्यतः या विषयाच्या पदवी अभ्यासक्रमाचा मार्ग खुला होतो. रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र हा या अभ्यासाचा पाया असतो. त्यावर विषशास्त्र, रक्त व डीएनए यांची तपासणी, बोटांचे ठसे, हस्ताक्षर व दस्तऐवज, शस्त्रे व काडतुसे आणि संगणकीय पुरावे अशा शाखा उभ्या राहतात. साक्षीचा कायदाही शिकावा लागतो, कारण तज्ज्ञाला आपला अहवाल न्यायालयात उभे राहून समजावून द्यावा लागतो आणि उलटतपासणीला सामोरे जावे लागते. शिक्षणानंतर केंद्राच्या आणि राज्यांच्या प्रयोगशाळांत किंवा पोलिसांच्या तपास पथकांत काम करता येते. बँका आणि विमा कंपन्यांनाही फसवणूक उघडकीस आणण्यासाठी अशा जाणकारांची गरज भासते. काही जण संगणकीय गुन्ह्यांच्या तपासाकडे वळतात, तर काही अध्यापन व संशोधन करतात. १ जुलै २०२४ पासून भारतात लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायसहायक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करण्याची तरतूद आहे. साहजिकच प्रशिक्षित मनुष्यबळाची गरज वाढली आहे.

या व्यवसायात रोमांच कमी आणि चिकाटी अधिक लागते. एकच नमुना पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. एका चुकीच्या नोंदीमुळे गुन्हेगार सुटू शकतो आणि निरपराध माणूस तुरुंगात जाऊ शकतो. म्हणूनच हातातील कौशल्याइतकीच मनाची सचोटी येथे महत्त्वाची ठरते. राइस यांनी आयुष्यभर ज्या मुक्या साक्षीदारांचा अभ्यास केला, ते आजही प्रत्येक घटनास्थळी वाट पाहत असतात. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे न्यायासनापुढे मांडणारी माणसे जोवर तयार होत राहतील, तोवर दुर्बलांनाही न्यायाची आशा बाळगता येईल.