सिद्धरामेश्वर आणि सोलापूरचें तळें

सोलापूर शहराच्या मध्यभागीं, भुईकोट किल्ल्याच्या पूर्व अंगास, एक विस्तीर्ण तळें आहे. तळ्यांत देऊळ आणि देवळास पाण्याचा वेढा, हें दृश्य आमच्या बहुतेक वाचकांनीं लहानपणापासून पाहिलेलें आहे. आणि जी वस्तु रोज डोळ्यांपुढें असते तिच्याविषयीं मनुष्य सहसा प्रश्न विचारीत नाहीं. आम्हीं एकदां वर्गांत विचारलें कीं हें तळें कोणीं केलें. निम्म्या मुलांनीं किल्ला बांधणाऱ्या सुलतानांचें नांव घेतलें. उरलेल्यांनीं तें मुळापासूनच तेथें आहे असें सांगितलें. दोन्ही उत्तरें चुकलीं. किल्ला मागाहूनचा आणि तळें आधींचें. किल्लेदारांनीं आयतें पाणी पाहून एका बाजूस त्याचा खंदकासारखा उपयोग करून घेतला, इतकेंच. ज्या पुरुषानें तें तळें निर्माण केलें त्याचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों.

सिद्धरामांचा काळ इसवी सनाचें बारावें शतक. त्या वेळीं सोलापूर हें शहर नव्हतें. सोन्नलगी या नांवाचें एक गांव होतें. मुलूख कानडी राजांच्या सत्तेखालचा. जवळच मंगळवेढें, जेथें बसवेश्वरांनीं आपल्या कारकीर्दीस आरंभ केला. पुढें ते कल्याण येथें कलचुरि राजा बिज्जळ याचे मंत्री झाले. सिद्धराम हे त्यांचेच समकालीन. पित्याचें नांव मुद्दगौडा, मातेचें सुग्गव्वा. त्यांचें चरित्र तेराव्या शतकांतील राघवांक नांवाच्या कानडी कवीनें काव्यरूपानें लिहून ठेविलें आहे. त्यांत चमत्कार पुष्कळ आहेत. ते मानावेत किंवा न मानावेत हें वाचकांनीं आपापल्या श्रद्धेप्रमाणें ठरवावें. आमची उपासनापद्धति निराळी असल्यानें त्या वादांत आम्ही पडत नाहीं. तळें मात्र कोणासही जाऊन पाहतां येतें.

बालपणीं हा मुलगा फारसा बोलत नसे. घरच्यांस तो मंद वाटला आणि त्यांनीं त्याच्या हातीं गुरें दिलीं. (असे मुलगे आमच्या व्यवसायांत पुष्कळ भेटतात. ज्यास मंद म्हणून मागच्या बांकावर बसवावें त्याच्यांत काय दडलें आहे हें शिक्षकास नेहमीं कळतेंच असें नाहीं.) एके दिवशीं रानांत गुरें राखीत असतां एक भुकेला जंगम त्याच्यापुढें येऊन उभा राहिला. मुलानें शेतांतलीं कोवळीं कणसें भाजून त्यास हुरडा खाऊं घातला. पाहुण्यानें आपलें नांव मल्लय्या व ठिकाण श्रीशैल असें सांगितलें आणि दहीभात मागितला. मुलगा घराकडे धांवला. दहीभात घेऊन परत येतो तों पाहुणा नाहींसा झालेला. मग मल्लय्याच्या नांवानें हाका मारीत तो रानोमाळ भटकला, वाटेंत भेटलेल्या यात्रेकरूंबरोबर निघाला आणि कृष्णाकांठच्या श्रीशैल डोंगरावर जाऊन पोंचला. तेथेंही मल्लय्या दिसेना, तेव्हां त्यानें कड्यावरून उडी घेतली. मल्लिकार्जुनानें त्यास हात देऊन सांवरलें असें कवि सांगतो, आणि पुढें जी आज्ञा झाली म्हणून सांगतो ती आम्हांस सर्व कथेंत अधिक महत्त्वाची वाटते. श्रीशैलावर न राहतां त्यानें आपल्या गांवीं परत जावें आणि त्या गांवासच नवें श्रीशैल करावें, अशी ती आज्ञा होती. देव शोधावयास गेलेल्या मुलास त्याच्याच कोरड्या माळावर परत पाठविण्यांत आलें.

परत आल्यावर सिद्धरामांनीं मल्लिकार्जुनाचें देऊळ उभारलें व गांवाच्या पंचक्रोशींत अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. या कार्यासाठीं नन्नप्पा राजा व त्याची राणी चामलादेवी यांनीं भूमि दिली असें परंपरा मानते. त्यानंतर तळ्याचें काम निघालें. त्यांच्याभोंवतीं चार हजार शिवयोगी जमले होते असें सांगतात. आंकडा कमीअधिक असेल. परंतु एवढ्या मोठ्या तळ्याची माती थोड्या माणसांच्या हातून हालणें शक्य नाहीं. त्या काळीं सुरुंगाची दारू नव्हती, यंत्र नव्हतें; कुदळ, फावडें, पाटी आणि माणसाची पाठ एवढींच काय तीं साधनें. शरणांच्या संप्रदायांत अंगमेहनतीस कायक म्हणतात व तिला पूजेचा मान देतात. सोलापूरच्या तळ्याचा बांध या कायकाचाच आहे.

हें काम येथें कां करावें लागलें हें समजण्यासाठीं सोलापूरच्या भूमीकडे पाहिलें पाहिजे. सह्याद्रीनें पश्चिमेचा पाऊस अडविल्यामुळें हा जिल्हा पर्जन्यछायेंत पडतो. वर्षाची सरासरी साडेपांचशें मिलिमीटरांच्या आसपास. त्यांतला मोठा वांटा परतीच्या पावसाचा, म्हणजे भाद्रपद-आश्विनांतील मोजक्या दिवसांचा. मातीखालीं काळा कठीण पाषाण आहे. त्याच्या भेगांत मुरेल तेवढेंच पाणी मुरतें, बाकीचें ओढ्यानाल्यांनीं सीना व भीमा या नद्यांस मिळून दुसऱ्याच्या मुलुखांत निघून जातें. तेव्हां त्या चार दिवसांचें पाणी अडवून ठेवणें आणि उरलेले महिने तें पुरवून वापरणें, यावांचून येथें वस्ती टिकत नाहीं. तळ्याच्या पाण्यावर गुरें जगतात, पाझरानें खालच्या विहिरींचे झरे जिवंत राहतात, आणि वैशाखांत तळ्याकांठची हवा दोन घटका सुसह्य होते. इंग्रजी अमदानींत आदिला नदीवर हिप्परग्याचा एकरुख तलाव १८७१ सालीं पुरा झाला. पांचच वर्षांनीं १८७६ चा भयंकर दुष्काळ पडला. १९७२ च्या दुष्काळांत आमच्या विद्यार्थ्यांच्या आज्या-आजोबांनीं खडी फोडून व पाझर तलाव खणून पोट भरलें. १९८० मध्यें भीमेवरील उजनीचें धरण तयार झालें. शंभराहून अधिक किलोमीटर लांबीच्या नळांतून त्याचें पाणी शहरास येऊं लागलें. प्रत्येक पिढीनें सिद्धरामांचेंच काम पुढें चालविलें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु सिद्धरामांस जी अडचण ठाऊक नव्हती ती आमच्या वांट्यास आली आहे. त्यांच्या वेळीं पाऊस कमी असला तरी त्याच्या स्वभावांत माणसानें ढवळाढवळ केलेली नव्हती. कारखान्यांचें युग सुरू होण्यापूर्वीं हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डाय ऑक्साइड सुमारें २८० भाग असे. दगडी कोळसा व तेल जाळून आणि रानें तोडून आपण तो ४२० च्या वर नेला आहे. हा वायु पृथ्वीची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. थंडींत अंगावर घोंगडी घ्यावी तसा प्रकार होतो, आणि आतां घोंगडीवर घोंगडी पडत चालली आहे. मोजदाद सुरू झाल्यापासून २०२४ हें सर्वांत उष्ण वर्ष ठरलें; कारखान्यांच्या युगापूर्वींच्या मानानें त्या वर्षाची उष्णता दीड अंशाच्या पुढें गेली. हवा एक अंशानें तापली कीं ती शेंकडा सात या प्रमाणांत अधिक बाष्प पोटांत घेऊं शकते. त्यामुळें दोन उलट गोष्टी एकदम घडतात. ऊन पडलें कीं तापलेली हवा जमिनीची ओल अधिक शोषून घेते; आणि पाऊस आला कीं तेंच सांठलेलें बाष्प एकदम कोसळतें. आमच्या जिल्ह्यानें या दोन्हींचा अनुभव लागोपाठ घेतला. २०२४ च्या उन्हाळ्यांत उजनीचा उपयुक्त सांठा संपून तळचें पाणी उपसण्याची वेळ आली. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेस असा पूर आला कीं कांठच्या गांवांतून माणसें नावांनीं बाहेर काढावीं लागलीं. टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यांत नावा फिरल्या! आणि ज्या शेतकऱ्यांनीं हवा बिघडविण्यांत फार थोडा वांटा उचलला होता, त्यांचीच जमीन खरवडून गेली.

आतां पुन्हां चरित्राकडे वळूं. तळ्याचें काम भरांत असतांना अल्लमप्रभु नांवाचे महान् योगी सोन्नलगीस आले. पंधराव्या शतकांत संकलित झालेल्या शून्यसंपादने या कानडी ग्रंथांत ही भेट वर्णिली आहे. अल्लमप्रभूंनीं कामावर येऊन सिद्धरामांचा उल्लेख वडार असा केला. दगडमाती वाहणाऱ्या शिष्यांस तो आपल्या गुरूचा अपमान वाटला व त्यांनीं पाहुण्यावर दगड फेंकले. सिद्धरामही संतापले. मग दोघांचा जो वाद झाला त्याचा मथितार्थ असा कीं, बाहेर तळें खणलें म्हणून आंतला अहंकार उपसला जात नाहीं. पुण्याच्या व कीर्तीच्या आशेनें केलेलें मोठें कामही माणसास बांधूनच ठेवतें. हजारों माणसें ज्याच्या शब्दावर राबत होतीं त्या पुरुषास हें ऐकून घेणें किती जड गेलें असेल! तरी सिद्धरामांनीं तें ऐकलें, आणि ते अल्लमप्रभूंबरोबर कल्याणास गेले.

या प्रसंगाविषयीं आमचें मत सांगतों. अल्लमप्रभूंचें बोलणें खरें आहे; पण तळेंही खरें आहे. सिद्धरामांनीं गर्व सोडला, तळें बुजविलें नाहीं. आम्हांस हा प्रसंग वारंवार आठवतो, कारण तो आमच्या मर्मावर बोट ठेवतो. एका पावसाळ्यांत आम्हीं मुलांकडून मोठ्या थाटानें पन्नास रोपें लावविलीं, पाहुण्यांच्या हातून पहिलें पाणी घालविलें, छायाचित्रें काढविलीं. होळीला मोजलीं तों नऊ जिवंत. दोष मुलांचा नव्हता. उन्हाळ्यांत पाणी कोणीं घालावें याचा विचारच आम्हीं केला नव्हता. आम्हांस झाडें नको होतीं, समारंभ हवा होता. पुढच्या वर्षीं आम्हीं बाराच रोपें लावलीं, प्रत्येकास दोन मुलांचीं नांवें दिलीं आणि हात धुण्याचें पाणी त्यांच्याकडे वळविलें. त्यांतलीं अकरा जगलीं. बारावें शेळीनें खाल्लें.

कल्याण येथें चेन्नबसवण्णांकडून सिद्धरामांस दीक्षा मिळाली. पुढें अल्लमप्रभु व चेन्नबसवण्णा यांच्यामागून शून्यपीठाचा मान त्यांच्याकडे आला. कपिलसिद्ध मल्लिकार्जुन ही मुद्रा असलेलीं त्यांचीं हजारावर कानडी वचनें आज उपलब्ध आहेत. बिज्जळाच्या अंतानंतर कल्याणांत शरणांची पांगापांग झाली, तेव्हां ते आपल्या गांवीं परत आले. सोन्नलगीसच त्यांनीं समाधि घेतली. ती देवळाच्या आवारांत, तळ्याच्या मध्यें आहे.

एका कुंभारकन्येनें त्यांच्याशीं विवाह करण्याची इच्छा धरली व योगी असल्यामुळें त्यांनीं तिला आपल्या योगदंडाशीं विवाह लावण्यास संमति दिली, ही कथा सोलापुरांत घरोघरीं ठाऊक आहे. त्या विवाहाच्या स्मरणार्थ मकरसंक्रांतीच्या सुमारास यात्रा भरते, तिला गड्डा म्हणतात. सात नंदीध्वज मिरवीत अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा होते, संमति कट्ट्यावर अक्षता पडतात, होम होतो. होमानंतर दिवसभर उपाशी ठेवलेलें एक वासरूं आणतात. तें कोणत्या धान्यास तोंड लावतें, कसें वागतें, यावरून पुढील वर्षाचा पाऊस व बाजारभाव यांची भाकणूक सांगण्याची रीत आहे. आतां वेधशाळेचे अंदाज दर तासास हातांतल्या फोनवर येतात, तरी वासराभोंवतीं गर्दी असतेच. आम्ही या गर्दीस हंसत नाहीं. येत्या वर्षीं पाऊस कसा पडेल ही चिंता येथें आठशें वर्षें तशीच आहे. किंबहुना ती आतां वाढली आहे.

आणि तळें? त्यांत अधूनमधून जलपर्णी माजते, सांडपाण्याचा वास येतो, मेलेले मासे वर तरंगतात. ज्या हातांनीं पाया पडावें त्याच हातांनीं निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी पाण्यांत सोडणारे लोक आम्हीं पाहिले आहेत. शहरास कित्येक वर्षें चार-पांच दिवसांआड पाणी येत असे आणि नळ आला कीं शिळें म्हणून भरलेले हंडे मोरींत ओतले जात. आदल्या दिवशीं अमृत असलेलें पाणी एका रात्रींत शिळें कसें होतें, हें आम्हांस अद्याप समजलेलें नाहीं. मंगळवेढ्याची ज्वारी थोड्या ओलीवर येते आणि देशभर नांवाजली जाते. तरी उसाच्या चौपट तहानेपुढें आमच्या जिल्ह्यांतील विहिरी वर्षानुवर्षें खोल जात राहिल्या. यांतलें मोठें कोणतें व लहान कोणतें हें पालकांनीं मुलांबरोबर बसून पाहावें. मुलें हिशेबांत चलाख असतात.

गड्डा संपल्यावर आमच्या वर्गानें तळ्याकांठच्या एका दगडावर खडूनें रेघ मारून पाण्याची पातळी नोंदविली. दर शनिवारीं दोन मुलें जाऊन अंतर मोजतात व वहींत लिहितात. पहिल्या चार आठवड्यांत पाणी चौदा बोटें उतरलें आहे.