फ्लेमिंग यांचा इशारा माशांच्या तळ्यापर्यंत कसा पोहोचला?

कळव्यातल्या एखाद्या लॅबमधून आलेला कल्चर रिपोर्ट पाहा. अँटिबायोटिकच्या नावापुढे 'एस' असेल तर औषध लागू पडेल. 'आर' असेल तर जिवाणू त्याला दाद देत नाहीत. तळ्यात वाढवलेल्या रोहू-कटल्यातले जिवाणूही असेच तपासले जातात. या चाचणीची मुळं अलेक्झांडर फ्लेमिंग यांच्या कामात सापडतात.

फ्लेमिंग यांचा जन्म ६ ऑगस्ट १८८१ रोजी स्कॉटलंडमधल्या शेतकरी कुटुंबात झाला. लंडनमध्ये त्यांनी आधी जहाज कंपनीत कारकुनी केली. वारशाचे पैसे मिळाल्यावर ते सेंट मेरीज रुग्णालयात डॉक्टरकी शिकले. पहिल्या महायुद्धात जखमा चिघळून सैनिक दगावताना त्यांनी पाहिले. तेव्हाची जंतुनाशकं खोल जखमेत निरुपयोगी ठरत होती.

सप्टेंबर १९२८ मध्ये त्यांच्या जिवाणूंच्या एका थाळीत बुरशी आली. तिच्या आसपास जिवाणू उरले नव्हते. फ्लेमिंग यांनी मग दुसऱ्या थाळीतल्या अगारमध्ये चर पाडून त्यात बुरशीचा रस भरला आणि वेगवेगळे जिवाणू चरापर्यंत रेघांनी पसरवले. काही लांबच थांबले, काही थेट चराला भिडले. औषध कुणावर चालतं, हे नुसत्या डोळ्यांनी दिसलं.

पेनिसिलिनचं प्रत्यक्ष औषध ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी घडवलं. १९४५ चं नोबेल तिघांना मिळालं. त्या भाषणातच फ्लेमिंग यांनी सावध केलं होतं: डोस कमी पडला, तर जिवाणू मरणार नाहीत, उलट औषधाला सरावतील. ११ मार्च १९५५ रोजी त्यांचं निधन झालं.

मत्स्यशेतीत नेमका हाच धोका आहे. खाद्यातून दिलेलं औषध काही अंशी पाण्यात आणि गाळात उतरतं. तिथल्या जिवाणूंना मारण्याइतकं ते नसतं, पण औषधाला पुरून उरणारे जिवाणू त्यात फोफावतात.

हे मोजण्यासाठी पाणी, गाळ किंवा माशाच्या आतड्यातले जिवाणू थाळीवर पसरवून औषधाच्या चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचं मोकळं वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजून ठरलेल्या तक्त्याशी ताडतात. माशांचे काही जिवाणू गारव्यात वाढतात, म्हणून त्यांच्या थाळ्या ३५ ऐवजी २८ किंवा २२ अंशांवर ठेवाव्या लागतात.

प्रतिकाराचे जनुक एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. त्यामुळे तळ्यातलं वर्तुळ आक्रसलं, तर उद्या माणसाच्या रिपोर्टवरही 'आर' वाढू शकतात.