बाळंभटदादा देवधर

पालकहो, कराटेत समोर कुणी नसताना मुलं ‘काता’ करतात, त्याचा उपयोग काय, असं आर्वीत तुमच्यापैकी बरेचजण विचारतात. म्हणून मल्लखांबाच्या या गुरूंची ओळख.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या दरबारात अली आणि गुलाब या निजामाकडच्या पहिलवानांनी आव्हान दिलं. कुणी पुढे होईना. कोवळ्या वयाच्या बाळंभटांनी ते स्वीकारलं, तयारीला मुदत मागितली आणि वणीचा सप्तशृंगी गड गाठला. तिथे मारुतीने दृष्टांत देऊन लाकडी खांबावरच्या पकडी शिकवल्या, अशी आख्यायिका आहे. दृष्टांताचं राहू द्या. खांब उलटा डाव टाकत नाही, त्यामुळे चुकलेली पकड हवी तितक्यांदा धरून बघता येते. कातामध्येही हेच घडतं. परतल्यावर बाळंभटांनी अलीला चीत केलं. गुलाब लढलाच नाही म्हणतात. १८१८ मध्ये पेशवाई संपली, तरी शिष्यांमार्फत ही विद्या काशीपर्यंत गेली.