कै. खाशाबा जाधव : पराभवानंतरची वाटचाल

वार्षिक क्रीडासामने आटोपले कीं विजयी विद्यार्थ्यांचीं नांवें फलकावर झळकतात. परंतु धांवण्याच्या शर्यतींत पाय अडखळून जो मध्येंच पडला, त्याची आठवण फारसा कोणी काढीत नाहीं. गुडघ्याची जखम आठवड्यांत भरून येते. मनाची जखम मात्र वर्षभर ओली राहते. आणि पुन्हां नांव देण्याची वेळ आली म्हणजे तोच चपळ मुलगा कांहीं तरी निमित्त सांगून मागें सरतो. अशा विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयोगी पडावें, या हेतूनें आम्ही येथें एका थोर मल्लाचें चरित्र थोडक्यांत सादर करीत आहों. धांवणारा आणि मल्ल यांचीं क्षेत्रें भिन्न खरीं. परंतु गमावलेला आत्मविश्वास परत मिळविण्याची रीत दोघांचीही एकच आहे.

औंध आणि शरीरसंवर्धन यांचें नातें आमच्या वाचकांस सांगावयास नको. राजे भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं स्वतः अनेक वर्षें नेमानें सूर्यनमस्कार घातले आणि संस्थानांतील शाळांतून मुलामुलींनाही त्यांची गोडी लाविली. याच पंतप्रतिनिधींचें जुनें ठाणें जें कऱ्हाड, त्याच्या शेजारींच गोळेश्वर नांवाचें गांव आहे. तेथें ता. १५ जानेवारी १९२६ रोजीं खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः नामांकित मल्ल असल्यामुळें तांबड्या मातीचा संस्कार मुलावर बालपणींच घडला. कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलांत शिक्षण घेऊन पुढें ते कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे तालमींचें माहेरघर. तेथें त्यांच्या अंगच्या गुणांस चांगलें वळण लागलें.

इ. स. १९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांसाठीं त्यांची निवड झाली. प्रवासाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनीं उचलला. रीस गार्डनर या परदेशी शिक्षकाचें मार्गदर्शनही लाभलें. पहिल्या कुस्त्या त्यांनीं जिंकल्या, परंतु पुढें इराणच्या मल्लाकडून हार खावी लागली व सहाव्या क्रमांकावर समाधान मानावें लागलें. एवढ्या आशेनें गेलेल्या बावीस वर्षांच्या तरुणास रिकाम्या हातांनीं गांवीं परतणें किती जड गेलें असेल, याची कल्पना करावी.

परंतु हा पराभव कशानें झाला? बळ कमी पडलें म्हणून नव्हे. आपल्याकडील कुस्ती मातींत होई आणि प्रतिस्पर्धी चीतपट झाल्यावांचून तिचा निकाल लागत नसे. लंडनांत गादीवर लढावयाचें होतें. वेळ मोजलेला, आणि प्रत्येक पकडीचे गुण पंच मांडून ठेवीत. मातींत रुतून उभा राहणारा पाय गादीवर वेगळ्या रीतीनें रोंवावा लागतो. पराभवाचें कारण असें नेमकें सांपडलें म्हणजे त्याचें भय निम्मे उरतें. मी दुबळा आहें, या विचारावर औषध नाहीं. मला अमुक एक गोष्ट अजून येत नाहीं, या विचारावर मात्र अभ्यास हें औषध आहे. खाशाबांनीं तेंच घेतलें. पुढील चार वर्षें त्यांनीं पूर्वीपेक्षांही कसून मेहनत केली आणि ५२ किलोच्या गटांतून ५७ किलोच्या गटांत प्रवेश केला.

दुसरा आघात याहून कठीण होता. हेलसिंकीच्या सामन्यांपूर्वीं मद्रास येथें झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेंत एक गुण कमी देऊन आपणांस डावलण्यांत आलें, अशी त्यांची तक्रार होती. ते रुसून घरीं बसले नाहींत. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली, पुन्हां कुस्ती लावून घेतली आणि प्रतिस्पर्ध्यास पाडून आपली जागा मिळविली.

आतां प्रश्न पैशाचा उरला. गांवकऱ्यांनीं वर्गणी काढली, पण ती पुरेना. तेव्हां राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पालकहो, या ठिकाणीं क्षणभर थांबावें. आपण एकदां हरलों आहों आणि तरीही कोणी तरी आपल्यावर घर लावावयास तयार आहे, हें ज्यास कळलें त्याच्या पायांत केवढें बळ येत असेल! आणि त्याच वेळीं केवढें ओझेंही त्याच्या खांद्यावर असेल!

हेलसिंकी येथें जुलै १९५२ मध्यें खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको व जर्मनी या देशांच्या मल्लांवर विजय मिळविला. जपानच्या इशी या मल्लाशीं त्यांची झुंज दीर्घकाळ चालली. ती थोडक्यांत गेली. तिच्या पाठोपाठ, पुरता विसांवा न मिळतां त्यांना सोव्हिएत संघाच्या मल्लासमोर उभें राहावें लागलें व त्या वेळीं त्यांची बाजू मांडण्यास जवळ कोणी अधिकारी नव्हता, असें सांगतात. तीही कुस्ती गेली. तरी ता. २३ जुलै रोजीं कांस्यपदक त्यांच्या गळ्यांत पडलें. स्वतंत्र भारतास एका खेळाडूनें मिळवून दिलेलें हें पहिलें ऑलिंपिक पदक होय. असें दुसरें पदक येण्यास १९९६ साल, म्हणजे ४४ वर्षें, लागलीं.

कऱ्हाडास शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. परंतु आम्हांस त्याहून मोलाची वाटते ती पुढील गोष्ट. मिरवणुकीचा गुलाल उतरल्यावर खाशाबांनीं कुस्त्यांचे फड भरविले आणि त्यांतून आलेल्या पैशांनीं गुरुजींचें घर सोडवून दिलें.

पुढें १९५५ सालीं ते पोलीस खात्यांत शिरले. गुडघ्याच्या दुखापतीमुळें पुढच्या ऑलिंपिकला जाणें झालें नाहीं; तथापि सेवेंत त्यांनीं कसूर केली नाहीं आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून ते निवृत्त झाले. ता. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं अपघातानें त्यांचें निधन झालें. हयातींत सरकारी सन्मान वाट्यास थोडाच आला, इ. स. २००० सालचा अर्जुन पुरस्कार त्यांना मरणोत्तर मिळाला.

विद्यार्थिमित्रहो, शर्यतींत पडलेल्यानें प्रथम आपण कां पडलों तें शांतपणें पाहावें. आरंभींच श्वास संपविला, कीं वळणावर पाऊल चुकलें, कीं सराव अपुरा होता. मग तेवढीच एक उणीव रोज पहांटे मैदानावर भरून काढावी. आत्मविश्वास कोणी देऊन मिळत नाहीं. तो असा थोडा थोडा साठत जातो. आणि पालकांस आमची विनंती इतकीच कीं, मुलगा हरून घरीं आला म्हणजे त्यास नांवें न ठेवतां खर्डीकर गुरुजींची आठवण करावी. घर गहाण ठेवण्याचें कारण नाहीं. एक विश्वासाचा शब्द पुरे आहे.