खुर्चीचा शिल्पकार : हान्स वेग्नर

खुर्ची ही आपल्या नित्याच्या वापरातील एक साधी वस्तू. घरात, शाळेत, कचेरीत आपण तिच्यावर बसतो, उठतो आणि आपल्या कामाला लागतो. ती कोणी घडवली, कशी घडवली, हा विचार सहसा मनात येत नाही. उत्तर युरोपातील डेन्मार्क या लहानशा देशात मात्र एका माणसाने आपले बहुतेक आयुष्य याच विचारात घालवले. त्याने पाचशेहून अधिक खुर्च्यांचे आराखडे तयार केले. मूळचा सुतार असलेला आणि पुढे जगभर नावाजला गेलेला हा रचनाकार म्हणजे हान्स वेग्नर.

वेग्नर यांचा जन्म २ एप्रिल १९१४ रोजी टोंडर या गावी झाला. हे गाव डेन्मार्क व जर्मनी यांच्या सीमेजवळ आहे. त्या काळी ते जर्मनीच्या ताब्यात होते. १९२० साली लोकांचे मत घेण्यात आले आणि त्यानंतर ते पुन्हा डेन्मार्कमध्ये सामील झाले. हान्सचे वडील जोडे शिवण्याचा व्यवसाय करीत. हाताने काम करून पोट भरणाऱ्या माणसांमध्येच तो वाढला. चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो स्टालबर्ग नावाच्या सुताराकडे उमेदवारी करू लागला. लाकूड कसे निवडावे, त्याची रेघ कशी ओळखावी, दोन तुकडे खिळ्यांवाचून पक्के कसे सांधावेत, हे सारे तो तेथे शिकला. पंधराव्या वर्षी त्याने आपली पहिली खुर्ची रचली आणि सतराव्या वर्षी तो पूर्ण शिकलेला सुतार झाला.

वयाच्या विसाव्या वर्षी लष्करी सेवेसाठी वेग्नर राजधानी कोपनहेगन येथे आले. तेथील सुतारांच्या संघाचे वार्षिक प्रदर्शन त्यांनी पाहिले. या प्रदर्शनामागे एक चिंता होती. कारखान्यात तयार होणारे स्वस्त सामान बाजारात येऊ लागले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले हातकाम टिकेल की नाही, असा प्रश्न कारागिरांपुढे उभा राहिला होता. यावर उपाय म्हणून संघाने १९२७ पासून दरवर्षी प्रदर्शन भरवण्यास प्रारंभ केला. पुढे नव्या दृष्टीचे वास्तुरचनाकार व जुने कसबी सुतार या प्रदर्शनासाठी एकत्र काम करू लागले. वेग्नर यांच्यावर या प्रदर्शनाचा खोल परिणाम झाला. हातातील कौशल्याला रेखाटनाच्या शिक्षणाची जोड हवी, हे त्यांना उमगले. १९३६ साली त्यांनी कोपनहेगनच्या हस्तकला विद्यालयात प्रवेश घेतला.

विद्यालयातील शिक्षणानंतर ते ऑर्हूस या शहरात गेले. तेथे नवे नगरभवन बांधले जात होते. आर्ने याकोबसेन व एरिक मोलर या वास्तुरचनाकारांनी त्या भवनासाठी लागणाऱ्या खुर्च्या-टेबलांच्या आराखड्यांचे काम वेग्नर यांच्यावर सोपवले. १९४० साली त्यांचा इंगा हेल्बो यांच्याशी विवाह झाला. १९४३ साली त्यांनी स्वतःचे कार्यालय सुरू केले. तो दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. डेन्मार्क जर्मन सैन्याच्या अमलाखाली होता. अशा दिवसांत, १९४४ साली, त्यांनी सहकारी ग्राहक संस्थेसाठी एक झुलती खुर्ची रचली. सामान्य कुटुंबाला परवडेल असे चांगले सामान तयार करणे, हा या संस्थेचा हेतू होता. त्यांचा विद्यालयातील मित्र बोर्गे मोगेन्सेन या संस्थेच्या फर्निचर विभागाचा प्रमुख होता.

याच सुमारास वेग्नर यांच्या पाहण्यात काही जुनी चित्रे आली. चीनमधील जुन्या घाटाच्या खुर्च्यांवर बसलेल्या डॅनिश व्यापाऱ्यांची ती चित्रे होती. त्या खुर्च्यांची पाठ आणि हात एकाच वळणदार पट्टीतून तयार झाले होते. वेग्नर यांना या कल्पनेने झपाटले. परंपरेतून आलेला एखादा घाट घ्यावा, त्यातील अनावश्यक भाग एकेक करून काढून टाकावा आणि जे अगदी आवश्यक तेवढेच ठेवावे, ही त्यांची कार्यपद्धती बनली. आधी ते खुर्चीची लहान प्रतिकृती स्वतः तयार करीत, मग तिचे पूर्ण आकाराचे रेखाटन करीत. खुर्ची मागूनही तितकीच सुंदर दिसली पाहिजे, तिला दर्शनी व मागची अशा दोन बाजू असू नयेत, असा त्यांचा आग्रह असे.

१९४९ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी सुतार योहानेस हान्सन यांच्या साहाय्याने त्यांनी एक गोल पाठीची खुर्ची तयार केली. चार निमुळते पाय, वेताने विणलेली बैठक आणि पाठ व हात यांची एकच सलग कमान, एवढीच तिची रचना. ही कमान लाकडाचे तीन तुकडे सांधून केलेली होती. पाठीवरील सांधे डोळ्यांना खुपतील, असे वेग्नर यांना वाटले. म्हणून त्यांनी तो भाग वेत गुंडाळून झाकून टाकला. परंतु त्यांचे समाधान झाले नाही. पुढे त्यांनी तेच सांधे करवतीच्या दातांप्रमाणे एकमेकांत गुंतवले आणि उघडे ठेवले. आता झाकण्याजोगे काही उरले नाही. जो सांधा उणेपणा वाटत होता, तोच त्या खुर्चीचा अलंकार ठरला.

१९५० साली एका अमेरिकन मासिकाने या खुर्चीची मुक्तकंठाने प्रशंसा केली आणि परदेशातून मागणी येऊ लागली. २६ सप्टेंबर १९६० रोजी शिकागो येथे अमेरिकेच्या अध्यक्षपदाचे उमेदवार जॉन केनेडी व रिचर्ड निक्सन यांच्यात दूरदर्शनवरून वादविवाद झाला. त्या वेळी दोघांसाठी मांडलेल्या खुर्च्या वेग्नर यांच्या होत्या. टोंडरच्या सुताराची कृती अशा रीतीने कोट्यवधी लोकांच्या दृष्टीस पडली.

१९४९ मध्येच रचलेली त्यांची दुसरी एक खुर्ची तर अधिकच लोकप्रिय झाली. तिच्या पाठीचा आधार इंग्रजी 'वाय' या अक्षरासारखा आहे. तिची बैठक कागदाच्या पिळलेल्या दोरीने हातांनी विणली जाते आणि एका खुर्चीला सुमारे १२० मीटर दोरी लागते. तिच्या काही भागांना यंत्रे आकार देतात. विणकाम मात्र कारागिराकडेच आहे. यंत्राला वेग्नर यांचा विरोध नव्हता. जे काम यंत्र चांगले करते ते त्याने करावे आणि जेथे मानवी स्पर्शाची गरज आहे तेथे हात चालावा, ही त्यांची भूमिका होती. १९५० पासून या खुर्चीचे उत्पादन अखंड सुरू आहे.

यशाबरोबर अपयशही त्यांच्या वाट्याला आले. १९६३ साली त्यांनी पंखांसारखी बैठक असलेली तीन पायांची खुर्ची मांडली. ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. प्लास्टिकच्या व धातूच्या सामानाची आवड वाढत चालली होती. ज्या प्रदर्शनाने त्यांना घडवले, ते १९६६ नंतर बंद पडले. पुढे योहानेस हान्सन यांची कार्यशाळाही बंद झाली. तरीही वेग्नर यांनी लाकूड सोडले नाही. १९८६ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी एका मोठ्या लाकडी कड्यात दोऱ्यांची जाळी विणलेली खुर्ची रचली. पीपी मोब्लर या लहानशा कार्यशाळेने ती प्रत्यक्षात आणली आणि त्यांच्या अनेक जुन्या खुर्च्यांचे उत्पादनही चालू ठेवले. नाकारली गेलेली तीन पायांची खुर्ची १९९८ मध्ये पुन्हा बाजारात आली. या वेळी लोकांनी तिचे मनापासून स्वागत केले.

१९९७ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टने वेग्नर यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. २६ जानेवारी २००७ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्यात एक तरी निर्दोष खुर्ची घडवता यावी, अशी त्यांची इच्छा होती. मात्र ते कोणालाही साधणार नाही, असेही ते मानत. म्हणूनच एक खुर्ची पूर्ण होताच ते दुसरीकडे वळत राहिले.

टोंडर येथील पाण्याच्या जुन्या उंच मनोऱ्यात आता त्यांच्या खुर्च्यांचे संग्रहालय आहे. जेथे एका मुलाने सुताराच्या हाताखाली उमेदवारी केली, त्याच गावी लोक त्याच्या खुर्च्या पाहण्यासाठी येतात. काम कोणतेही असो, ते प्रामाणिकपणे केले तर त्यातील सांधे लपवावे लागत नाहीत, याची साक्ष त्या खुर्च्या देत आहेत.