घरासाठी प्रिंटर घेताय? आधी गणपत कृष्णाजींची गोष्ट वाचा



मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, पण घर शिराळ्याचं. नागपंचमीमुळे तुम्ही ऐकलं असेल, तेच बत्तीस शिराळा. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी घरी एक स्वस्तातला कलर प्रिंटर घेऊन गेलो. ऑफर चांगली होती, बॉक्सवर फोटो चकाचक होते आणि पगारही नुकताच झाला होता. बाकी काही बघितलं नाही.

पुढच्या जूनमध्ये रात्री साडेनऊला धाकट्या भावाचा फोन आला. सकाळी साडेपाचची एसटी, सांगलीला परीक्षा, आणि हॉल तिकिटाच्या प्रिंटवर नुसते पांढरे पट्टे. त्याचा फोटो तर ओळखूच येत नव्हता. प्रिंटर सात-आठ महिने टेबलावर कापड पांघरून बसलेला, आतली शाई वाळून गेलेली. मी पुण्यातून फोनवर त्याला क्लीनिंगची बटणं दाबायला सांगत होतो आणि प्रत्येक वेळी उरलीसुरली शाई अजून संपत होती. शेवटी आईने ओळखीच्या झेरॉक्सवाल्या काकांना उठवलं. त्यांनी रात्री दुकान उघडलं म्हणून भावाचं वर्ष वाचलं.

त्या रात्री मला स्वतःचाच राग आला. कॉम्प्युटरची डिग्री घेतलेला माणूस मी, आणि घरात कुठलं मशीन ठेवायचं हे साधं कळू नये? मग प्रिंटरबद्दल नीट वाचायला लागलो, आणि वाचता वाचता पोचलो मुंबईतल्या एका माणसापर्यंत. त्याने जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी परवडणारा प्रिंटर शोधला नव्हता, तर घरीच बनवला होता. त्याचं नाव गणपत कृष्णाजी.

त्याच्या आधी काय होतं?

सुरुवात आपल्याच सांगली जिल्ह्यातून करू. 1805 मध्ये मिरजेत भगवद्गीता छापली गेली. नाना फडणवीसांच्या काळात पुण्यात एका तांबटाने तांब्याच्या पत्र्यावर गीतेची अक्षरं कोरायला घेतली होती. नाना 1800 मध्ये वारले आणि ते काम पुढे मिरजेत गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने पुरं झालं. पण विचार करा, दर पानासाठी वेगळा पत्रा, त्यावर एकेक अक्षर उलटं कोरायचं, आणि तो पत्रा दुसऱ्या कुठल्याच पुस्तकाला चालणार नाही. संस्थानिकाला परवडेल, साध्या माणसाला नाही.

दुसरा मार्ग होता सुट्या टाइपांचा, म्हणजे शिशाच्या छोट्या छोट्या अक्षरांचे ठसे जुळवून छापायचा. मुंबईत अमेरिकन मिशनऱ्यांनी तो छापखाना चालवला होता आणि 1817 पासून तिथे मराठी छपाई सुरू झाली. पण मराठीला लागतात काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं. इंग्रजीला मोजकी अक्षरं पुरतात, मराठीला शेकडो ठसे करावे लागतात. हा खर्च तेव्हा एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नव्हता.

मिशनच्या छापखान्यातला मराठी मुलगा

गणपत कृष्णाजी पाटील हे मूळचे ठाण्याचे, भंडारी समाजातले. ना पैसा होता, ना कुणा सरदाराचा आश्रय. ते मिशनच्या छापखान्यात कामाला होते आणि तिथेच छपाई शिकले. काम करता करता त्यांच्या मनात आलं की आपल्या लोकांची पुस्तकं आपणच का छापू नयेत?

अडचण मशीनची होती. परदेशी मशीन मागवायला पैसे नव्हते, शेकडो ठसे ओतून घेणं त्याहून लांब. म्हणून त्यांनी तिसरी पद्धत निवडली, शिळाछाप. इंग्रजीत तिला लिथोग्राफी म्हणतात. जर्मनीत आलॉइस झेनेफेल्डर नावाच्या माणसाने ती अठराव्या शतकाच्या अगदी शेवटी शोधली. गंमत म्हणजे त्यालाही स्वतःची नाटकं स्वस्तात छापायची होती, म्हणूनच तो हा खटाटोप करत होता.

शिळाछाप चालते कशी?

तेल आणि पाणी मिसळत नाही, हे आपल्याला भाजीवरच्या तवंगावरून माहीत आहे. शिळाछापाचं सगळं गणित तेवढंच.

गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने मजकूर लिहायचा. मग दगड ओला करायचा. जिथे तेलकट अक्षरं आहेत तिथे पाणी टिकत नाही, बाकी दगड ओला राहतो. आता त्यावरून तेलकट छपाईची शाई लावलेला रूळ फिरवला की शाई फक्त अक्षरांना चिकटते. वर कागद ठेवून दाब दिला की पान तयार.

यात मराठीचा मोठा फायदा होता. ठसे लागतच नाहीत! चांगल्या हस्ताक्षराचा लेखक मजकूर लिहितो, तसाच तो छापला जातो. जोडाक्षर कितीही अवघड असो, एक पैसा जास्त लागत नाही. काम झालं की दगड घासून पुन्हा कोरा करता येतो. कमी पैशात मराठी छापायला निघालेल्या माणसाला याहून सोयीचं दुसरं काही नव्हतं.

लाकूड, दगड आणि घरची शाई

गणपत कृष्णाजींनी लाकडाचा दाबयंत्र स्वतःच्या हाताने तयार केला. परदेशातून येणाऱ्या खास दगडाऐवजी इथल्याच दगडाचे लहान तुकडे जमवून ते घासून बघितले. शाईसुद्धा स्वतः बनवून बघितली. बिघडलं की पुन्हा केलं. त्या काळी ना यूट्यूब, ना मॅन्युअल. मिशनच्या छापखान्यात डोळ्यांनी जे टिपलं तेवढीच शिदोरी.

आता खरा प्रश्न होता, छापायचं काय? त्यांनी निवडलं पंचांग. 1831 मध्ये, म्हणजे शके 1753 चं मराठी पंचांग त्यांनी शिळाछापावर छापून काढलं.

मला हा निर्णय मशीनपेक्षाही भारी वाटतो. पंचांग घरोघरी लागतं. लग्न, मुंज, पेरणी, सणवार, सगळ्यांना. दरवर्षी नवीन लागतं, म्हणजे गिऱ्हाईक दरवर्षी परत येणार. पानं थोडी, म्हणजे छोट्या लाकडी यंत्राला झेपणार. तोवर पंचांग हाताने नकलून घ्यावं लागे. मशीन, शाई आणि काम, तिन्हींचा मेळ त्यांनी बरोबर बसवला होता. मी दिवाळीत तोच बसवला नव्हता.

शाईवरून वाद

पण पंचांग छापलं म्हणजे लोक लगेच विकत घेतील असं नव्हतं. छापखान्याच्या शाईत जनावरांची चरबी असते असा समज होता. छापलेला कागद हातात धरला तर सोवळं मोडेल, मग देवघरात पोथी ठेवायची कशी? बऱ्याच जुन्या वळणाच्या लोकांनी छापील ग्रंथ लांबच ठेवले.

गणपत कृष्णाजींनी वाद घालत बसण्याऐवजी शाईच बदलली. धार्मिक ग्रंथांसाठी तूप वापरून केलेली शाई आली आणि लोकांची धाकधूक कमी झाली. वापरणाऱ्याच्या घरात काय चालतं आणि काय चालत नाही, हे त्यांनी मशीनच्या आधी ओळखलं. आपण आज ज्याला यूजर समजून घेणं म्हणतो ते हेच.

हळूहळू काम वाढलं. पोथ्या आणि पुस्तकं निघू लागली. मग 1843 च्या सुमारास ते सुट्या टाइपांकडे वळले. जे ठसे सुरुवातीला परवडत नव्हते ते त्यांनी स्वतःच तयार करून घेतले आणि मुंबईत त्यांचा छापखाना चांगल्या छपाईसाठी नावाजला गेला. म्हणजे मोठं मशीन आलं, पण काम वाढल्यावर आलं, आधी नाही. 1860 च्या सुमारास ते वारले. त्यानंतरही छापखाना अनेक वर्षं त्यांच्याच नावाने चालला. आज मराठी मुद्रणाचा विषय निघाला की त्यांचं नाव पहिल्या ओळीत येतं.

आता आपल्या टेबलावर येऊ

या गोष्टीतून मी माझ्यापुरते तीन प्रश्न काढले. छापायचं काय आहे? शाई कुठली आहे? आणि एका पानाला खर्च किती?

पहिला, काम. आम्ही शिराळ्याच्या घरात फ्रीजला एक कागद अडकवला आणि दोन महिने प्रत्येक प्रिंटची नोंद केली. आईच्या बचत गटाचे कागद, भावाच्या नोट्स, वडिलांचे सातबारा, आधारच्या प्रती. महिन्याला साधारण पस्तीस पानं निघाली. त्यातली रंगीत किती? दोन. मी ज्या रंगीत फोटोंच्या मोहात पडलो होतो ते घरात कुणाला लागतच नव्हते.

दुसरा, शाई. गणपत कृष्णाजींची शाई तेलकट होती. आपल्या साध्या इंकजेट प्रिंटरची शाई मुख्यतः पाण्याची असते. ती केसाहून बारीक भोकांतून कागदावर उडते. प्रिंटर आठवडेच्या आठवडे बंद राहिला की त्या भोकांत शाई वाळते. क्लीनिंग केलं की भोकं मोकळी होतात, पण त्यातही शाईच खर्च होते. वर काही मॉडेलमध्ये रंगीत शाई संपली तर काळं पानही निघत नाही.

इथे एक गैरसमज आहे. बाटलीने शाई भरायचा इंक टँक प्रिंटर घेतला की प्रश्न सुटला असं बऱ्याच जणांना वाटतं. त्याचा पानाचा खर्च खरंच खूप कमी असतो, पण भोकं त्यालाही असतात आणि वाळतातही. रोज वापर असेल, घरात ट्यूशन किंवा छोटा धंदा असेल तर इंक टँक उत्तम. दोन-दोन महिने हात लागणार नसेल तर नको.

लेझर प्रिंटरमध्ये पातळ शाई नसतेच, कोरडी पावडर असते. तिला टोनर म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये चेस्टर कार्लसनने 22 ऑक्टोबर 1938 ला विजेच्या स्थिर भाराने पावडर चिकटवून पहिली कोरडी प्रत काढली. त्यातूनच झेरॉक्स आलं आणि पुढे लेझर प्रिंटर. पावडर वाळायचा प्रश्नच नाही. सहा महिन्यांनी चालू केलं तरी पहिलं पान काळं कुळकुळीत येतं.

तिसरा, खर्च. उदाहरण म्हणून आकडे धरू. प्रिंटर 4000 रुपयांचा, कार्ट्रिज 800 रुपयांचं आणि त्यातून 150 पानं. एका पानाला झाले पाच रुपयांच्या वर, नुसत्या शाईचे. वाळून गेलेली शाई वेगळीच. म्हणून दुकानात प्रिंटरची किंमत विचारायच्या आधी दोन गोष्टी विचारा, कार्ट्रिज किंवा टोनर केवढ्याला आणि त्यात पानं किती? नवीन प्रिंटरसोबत येणारा टोनर बऱ्याचदा अर्धवट भरलेला असतो, हेही विचारून घ्या.

आणि खरं सांगायचं तर महिन्याला पाच-दहा पानं असतील तर प्रिंटर घेऊच नका. झेरॉक्सचं दुकान स्वस्त पडतं. पैसे वाचवायला म्हणून कमी वापराच्या घरात प्रिंटर घेतला तर ते पैसे कधीच वसूल होत नाहीत. तो घ्यायचा असतो रात्री साडेनऊच्या हॉल तिकिटासाठी, आणि आधारची पीडीएफ दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर राहू नये म्हणून.

आम्ही काय घेतलं?

फक्त काळं छापणारा, वायफाय असलेला साधा लेझर प्रिंटर. वायफाय यासाठी की घरात लॅपटॉप नाही, सगळं मोबाईलवरूनच चालतं. स्वस्त मॉडेलमध्ये कधी कधी फक्त केबल असते, ते बघून घ्या. लेझर छापताना जास्त वीज ओढतो, म्हणून तो इन्व्हर्टरवर लावत नाही. आणि शिराळ्याच्या पावसात कागद दमट होऊन अडकतो, म्हणून कागदाचं पाकीट आईने चकलीच्या रिकाम्या डब्यात ठेवलंय. रंगीत फोटो लागले तर फोटो स्टुडिओ आहेच.

या वर्षी भावाचं हॉल तिकीट पुन्हा रात्रीच आलं. प्रिंटर तीन आठवडे बंद होता. त्याने फोनवरून प्रिंट दिली आणि मला पानाचा फोटो पाठवला. त्यात त्याचा चेहरा स्पष्ट दिसत होता. झेरॉक्सवाल्या काकांना त्या रात्री कुणी उठवलं नाही. दुकानात जाऊन किमती बघण्याआधी तुम्हीही फ्रीजवर एक कागद अडकवा आणि दोन महिने पानं मोजा.